स्टीनबीक ब्रेस : चालत्या लेकरासाठी, नागपूरच्या उन्हाळ्यासह

क्लबफूट म्हणजे जन्मतःच आत वळलेला पाय. सरकारी दवाखान्यांच्या क्लबफूट क्लिनिकमधून चामड्याचा, बोटांकडून उघडा, खाली लोखंडी रॉड जोडलेला जो बूट मोफत मिळतो, तो स्टीनबीक ब्रेस. हा आढावा चालायला लागलेल्या, म्हणजे साधारण एक ते चार वर्षांच्या लेकराच्या अंगाने घेतला आहे. तान्ह्या बाळाला हा बूट घालणं तुलनेनं सोपं, कारण बाळ ठेवाल तिथे राहतं. दोन वर्षांचं पोट्टं लेस सोडतं, पट्टा ओढतं, रॉडवर उभं राहतं आणि मध्यरात्री एक बूट पलंगाखाली सापडतो. ब्रेस किती पाण्यात आहे ते याच वयात कळतं.

निकाल आधीच सांगून टाकू. पाय धरून ठेवायचं काम हा ब्रेस चोख करतो. दिसायला ओबडधोबड आहे, पट्टा लवकर सैल पडतो, आणि मे महिन्यात चामड्याच्या आत पायाचं जे होतं ते कुणालाही सुखाचं नाही. तरीही दहातल्या बहुतेक घरांना याहून महागडा ब्रेस घ्यायची गरज नाही. ज्यांना आहे, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

ब्रेस नेमकं काय करतो हे आधी पक्कं करून घेतलेलं बरं, कारण अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात. पोन्सेटी पद्धतीत, म्हणजे डॉ. पोन्सेटी यांनी बसवलेल्या क्लबफूटच्या उपचारात, दर आठवड्याला प्लास्टर बदलत, साधारण पाच ते सात प्लास्टरांत पाय सरळ केला जातो. मग बहुतेक मुलांची टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, छोट्या छेदातून कापून शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. पाय सरळ होतो तो इथे. ब्रेस त्यात काही भर घालत नाही. मिळालेला पाय तो राखतो. आतल्या आणि मागच्या बाजूच्या स्नायूबंधांना पुन्हा आखडण्याची ओढ असते, आणि पहिल्या चार-पाच वर्षांत पाय झपाट्याने वाढत असतो, म्हणून राखण इतकी लांबते. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, त्यानंतर रात्रीची आणि दुपारची झोप मिळून १२ ते १४ तास, वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत. क्लबफूट उलटण्याचं सगळ्यात मोठं कारण ब्रेस सोडणं हे आहे, आणि तो सोडला जातो तो नेमका याच वयात. लेकरू पळतंय, पाय सरळ दिसतोय, रात्री रडतंय, आजी म्हणते ‘आता कशाला त्या जिवाला त्रास’, आणि बूट माळ्यावर जातो.

यातून दुसरी गोष्ट निघते. बूट पायात बसतच नसेल, टाच काही केल्या खाली जात नसेल, तर दर वेळी दोष बुटाचा नसतो. पाय पुरता सुधारलेला नसेल किंवा पुन्हा आखडू लागला असेल, तर जगातला कुठलाच ब्रेस त्यावर बसणार नाही. कालपर्यंत नीट बसणारा बूट अचानक निसटू लागला, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा. मोच्याकडे मागाहून जा.

आता बुटाकडे. हा नमुना १९९० च्या दशकात युगांडात मिखिल स्टीनबीक या ऑर्थोपेडिक तंत्रज्ञाने बसवला. आयात केलेले ब्रेस तिथल्या घरांना परवडणारे नव्हते, म्हणून साध्या कार्यशाळेत, साध्या हत्यारांनी, स्थानिक मालातून करता येईल असा बूट त्यांनी आखला. चामड्याचा वरचा भाग, आत मऊ अस्तर, प्लायवूडचा तळ, त्याखाली लोखंडी पट्ट्या आणि दोन्ही बुटांना जोडणारा रॉड. घोट्यावरून जाणारा बकलचा पट्टा, त्याखाली जीभ, वर लेस. आणि टाचेच्या मागे एक गोल भोक. हे भोक पाहून बरेच जण बूट फाटका आला असं समजतात. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. टाच तळाला टेकली आहे की वर तरंगते आहे, हे त्यातून दिसतं, आणि साऱ्या बुटात सगळ्यात उपयोगाची जागा तीच आहे.

बांधणी अशी सोपी असल्याचा एक मोठा फायदा म्हणजे दुरुस्ती. पट्टा तुटला, बकल वाकलं, शिवण उसवली, अस्तर निघालं, तर सीताबर्डीत किंवा इतवारीत बसणारा कुठलाही जाणता मोची ते करून देतो. पट्ट्याला नवीन भोक पाडायचं असेल तर पंचनेच पाडायला सांगा. खिळ्याने पाडलेलं भोक चिरत जातं आणि पट्टा नेमका रात्री तुटतो. मात्र मोच्याला रॉडला हात लावू देऊ नका. रॉड वाकवणं, कापणं, वेल्डिंग करणं, बुटाचा कोन फिरवणं ही कामं ब्रेस बनवणाऱ्या ऑर्थोटिस्टची. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे नेलेला ब्रेस दिसायला छान होऊन येतो आणि कोन भलताच असतो.

हातात पडल्या पडल्या काय तपासायचं

बूट घेताना गर्दी असते, लेकरू कंटाळलेलं असतं, सही करून माणूस घरी येतो. हरकत नाही, मोजमाप घरीही होतं. लागतं काय तर वर्तमानपत्राचा मोठा कागद, पेन्सिल, पट्टी आणि शाळेच्या कंपास पेटीतला कोनमापक.

ब्रेस कागदावर ठेवा. दोन्ही तळांच्या कडेने पेन्सिल फिरवा आणि रॉडचीही रेघ आखून घ्या. ब्रेस उचलला की प्रत्येक तळाच्या आकृतीत टाचेच्या मध्यापासून चवड्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढा आणि ती रॉडच्या रेघेला भिडवा. आता कोन मोजा. क्लबफूटचा पाय समोरच्या दिशेपासून बाहेर ६० ते ७० अंश वळलेला हवा, म्हणजे त्याच्या रेघेचा रॉडशी कोन २० ते ३० अंश येतो. एकच पाय वाकडा असेल तर चांगल्या पायाचा बूट ३० ते ४० अंशच बाहेर हवा. त्याचा रॉडशी कोन ५० ते ६० येतो. दोन्ही पाय क्लबफूट असतील तर दोन्ही बूट सारखे. एकाच पायाचा आजार असताना दोन्ही बूट ७० अंशांवर बसवलेले सापडले, तर ते परत न्यायचं कारण आहे. डॉक्टरांनी मुद्दाम वेगळा कोन लिहून दिला असेल तर अर्थात तोच खरा. विचारल्याशिवाय आपण काही ठरवायचं नाही.

मग रॉडचा बाक. ब्रेस फरशीवर ठेवून डोळे फरशीच्या पातळीला आणा. रॉड मधोमध जरासा खाली आणि दोन्ही टोकांना वर उचललेला दिसायला हवा. बाक थोडाच असतो, दहा अंशांच्या आसपास. पाय बाहेर वळलेले असल्यामुळे टोकं वर असली की बोटंही वर उचलली जातात आणि टाचेमागची शीर ताणलेली राहते. बाक उलटा बसला तर बोटं रात्रभर खाली झुकतात, म्हणजे जी शीर लांब ठेवायची तिलाच आखडायची मोकळीक मिळते. रॉड अगदी सरळ असेल तरीही विचारा.

रॉडची लांबी खांद्यांएवढी. एका टाचेच्या मध्यापासून दुसऱ्या टाचेच्या मध्यापर्यंतचं अंतर लेकराच्या दोन्ही खांद्यांच्या बाहेरच्या कडांमधल्या अंतराएवढं किंवा किंचित जास्त भरायला हवं. आखूड रॉड ही नेहमीची चूक आहे आणि ती लपून राहते, कारण छोटा रॉड पाहायला सुटसुटीत वाटतो, आईबापांनाही तोच बरा वाटतो. लेकराला मात्र गुडघे जवळ घेऊन झोपावं लागतं, मांड्या अवघडतात, ते रडतं, आणि आपण म्हणतो की याला ब्रेस सोसत नाही. वर्षभरापूर्वीचा रॉड आज आखूड झालेला असू शकतो. बूट बदलताना रॉडही मोजा.

शेवटी अस्तरातून हात फिरवा. शिवणीची गाठ, खिळ्याचं टोक, निघालेला डिंक बोटाला लागला तर लेकराच्या पायाला लागणारच.

घालायची रीत

लेकराला जेवण झाल्यावर, अंघोळ झाल्यावर, शांत असताना घ्या. मोजे पातळ सुती, घोट्याच्या वर जाणारे, शिवण बाहेरच्या बाजूला येईल असे उलटे घातलेले. जाड लोकरी मोजा पायाला मऊ वाटतो, पण बुटात सरकतो आणि टाच वर येते. सुरुवातीचे काही दिवस मोज्याची बोटांकडची बाजू कापून टाकली तर बोटं दुमडली आहेत का ते दिसतं.

जो पाय जास्त वाकडा होता तो आधी. लेकरू दुसऱ्या बुटाच्या वेळी फार लाथा मारत असेल, तर ज्या पायाने झाडतं तो आधी घाला आणि शांत पाय मागाहून. गुडघा वाकवून घ्या, पोटरी सैल पडते. एका हाताने चवडा वर उचलून धरा, टाच बुटाच्या मागच्या कोपऱ्यात दाबा आणि टाच तिथेच धरून आधी पट्टा आवळा. लेस नंतर. हा क्रम उलटला की पुढचं सगळं बिघडतं, कारण टाच खाली धरते ती पट्ट्यानेच. लेस फक्त बाकीचा पाय आवरते.

आता पोटरी धरून पाय हलकेच वर-खाली ओढा आणि बोटांकडे बघा. बोटं पुढे-मागे सरकत असतील तर टाच टेकलेली नाही. पट्टा सोडा, पुन्हा बसवा, एक भोक पुढे घ्या. मागच्या भोकातून टाचेचा मोजा दिसला पाहिजे, तोही तळाला लागून. एकदा बूट बरोबर बसला की आतल्या तळावर बोटं जिथे येतात तिथे पेनाने रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी बोटं रेघेवर किंवा तिच्या पुढे आली की टाच जागेवर आहे हे कळतं. ज्यांना हे काम आजीवर किंवा मावशीवर सोपवायचं असतं, त्यांना ही रेघ फार कामाची. पट्ट्यावरच्या भोकाला मात्र खूण करू नका. चामडं ताणतं, महिन्याभरात ती खूण खोटी पडते आणि पट्टा रोज सैल लागत जातो.

लेस घट्ट बांधा, पण बोटं गुलाबी राहिली पाहिजेत. बोटाचं टोक दाबून सोडलं की पांढरा रंग लगेच परत लाल व्हायला हवा. बोटं निळसर, थंड किंवा सुजलेली दिसली तर सोडून पुन्हा बांधा.

पहिल्यांदा ब्रेस घालताना किंवा मोठा खंड पडून पुन्हा सुरू करताना एक-दोन रात्री रडारड ठरलेली. पाय दुखतोय म्हणून ती नसते. दोन पाय एकत्र बांधले गेलेत हे लेकराला उमगत नाही. रॉड हातात धरून दोन्ही गुडघे एकाच वेळी वाकवा आणि सरळ करा, ढकला आणि ओढा, गाणं म्हणत. दोन्ही पाय एकत्र झाडता येतात हे कळलं की ते शांत होतं. रडलं की बूट काढायचा हा नियम मात्र एकदा लेकराला समजला, तर पुढची तीन वर्षं ते हेच वापरणार. लाल डाग, फोड, बोटांचा रंग बघायला बूट जरूर काढा. पाहून झालं की परत चढवा.

काय बिघडतं

टाचेवर लाल चट्टा किंवा फोड. बहुतेकांना वाटतं बूट फार घट्ट झाला, म्हणून ते सैल करतात आणि फोड वाढतो. टाचेच्या मागे होणारा गडद लाल डाग बहुधा सैल बुटाचा असतो: टाच वर-खाली घासते आणि कातडी सोलते. इलाज पट्टा आवळण्याचा. लाल डागावर तेल, व्हॅसलिन, क्रीम काही लावू नका. कातडी मऊ पडते आणि जास्त सोलते. बूट काढल्यावर जो फिकट गुलाबीपणा थोड्या वेळात जातो, त्याची चिंता नको. फोड फुटला, पाणी आलं, वास आला, तर क्लिनिकला दाखवा, आणि किती दिवस ब्रेस थांबवायचा ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. स्वतः ठरवलेली ‘दोन दिवसांची सुट्टी’ पंधरवड्यावर जाते.

बूट निसटतो. उपाय क्रमाने करा: पट्टा एक भोक पुढे; लेस आणखी घट्ट; तरीही निसटत असेल तर जीभ काढून टाका, त्याने पायाला इजा होत नाही, उलट पट्टा घोट्यावर जास्त चांगला बसतो. पाय घामाने ओला असेल तर कोरडा करून मोजा बदला. एवढं करूनही टाच राहत नसेल तर मघाचंच: पाय दाखवा.

लेस सोडणारं पोट्टं. लेस वरून खाली ओवा, म्हणजे गाठ घोट्यापाशी न येता बोटांपाशी येते. पाय बाहेर वळलेले असल्यामुळे तिथवर त्याचा हात सहज पोचत नाही. शिवाय बुटावरून बाबांचा जुना मोठा मोजा चढवा. टेप गुंडाळायची सवय नको; गोंद चामड्याला चिकटून राहतो आणि सकाळी कात्री लागते.

रॉड. उघडा लोखंडी रॉड झोपेत आईच्या नडगीवर बसला की डोळ्यांसमोर काजवे चमकतात, आणि शेजारी मोठं भावंड झोपत असेल तर भांडण ठरलेलं. सायकलच्या हँडलची फोमची टेप किंवा पाइपावर चढवतात ती काळी फोमची नळी लांबीला चिरून बसवा. ज्या नमुन्यात रॉड स्क्रूने जोडलेला असतो, त्यात दर आठवड्याला स्क्रू आवळून घ्या. चालतं लेकरू ब्रेस घालून उभं राहणारच, सरपटणार, खुर्चीला धरून चढणार. ते लगेच मोडत नाही, पण रोज चालू दिलं तर तळाचं प्लायवूड चिरतं आणि कोन बदलतो. म्हणून ब्रेस झोपेच्या अगदी तोंडावर घाला, आणि तीन-चार महिन्यांनी तो वर्तमानपत्राचा कागद पुन्हा काढा.

उन्हाळा

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि रात्रही तापलेलीच असते. युगांडाच्या बऱ्याच भागात हवा याच्यापेक्षा कितीतरी सौम्य आहे, आणि ब्रेसच्या माहितीपत्रकात विदर्भाचा उन्हाळा धरलेला नसतो. त्यामुळे इथलं वेळापत्रक वेगळं लावावं लागतं.

दुपारच्या झोपेत ब्रेस घालायला लेकरू बिलकूल तयार नसेल, तर तास रात्रीकडे ढकला. रात्री साडेसातला घातला आणि सकाळी आठला काढला की साडेबारा तास भरतात. डॉक्टरांनी १४ सांगितले असतील तर त्यांच्याशी बोलून दुपारचा दीड तास ब्रेस घालून कूलरसमोर घालवा. उन्हाळ्याच्या नावाखाली तास आठ-नऊवर आणू नका; पायाला ऋतू कळत नाही.

कूलरची हवा ओली असते. चामडं ती ओल पितं आणि सकाळी बूट आतून दमट लागतो. उठल्याबरोबर लेस पूर्ण सैल करून, जीभ बाहेर काढून, बूट पंख्याखाली सावलीत ठेवा. गच्चीवर उन्हात ठेवला तर दोन दिवसांत चामडं कडक होतं, कडा टाचेला कापतात आणि तळाचा चिकटवलेला भाग सुटतो. बूट पाण्याने धुवायचा नाही. ओलं फडकं घट्ट पिळून आतून पुसा. पावसाळ्यात तेच चामडं बुरशी धरतं. कोरड्या फडक्याने पुसून हवेशीर ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नको.

पाय रोज रात्री धुऊन, बोटांच्या बेचक्यांतून पाणी टिपून, पूर्ण कोरडा झाल्यावरच मोजा. पावडर थापू नका, घामाने तिच्या गोळ्या होऊन त्याच घासतात. मोज्यांचे पाच-सहा जोड लागतात, कारण मध्यरात्री एकदा मोजा बदलावा लागतोच. घामोळ्या मोज्याच्या वरच्या कडेला येतात. मोजा अर्धा इंच वर ओढला तर बूट तरी त्यांना घासत नाही.

सणासमारंभाचे दिवस हा आणखी एक खड्डा. लग्नाचा हंगाम, तान्हा पोळा, गणपती. लेकरू रात्री अकराला कुणाच्या तरी खांद्यावर झोपतं आणि ब्रेस घरी असतो. ब्रेस पिशवीत घालून न्या, तिथेच सतरंजीवर घाला. बघणारे दोन प्रश्न विचारतील, त्याला इलाज नाही. दुचाकीवर मात्र ब्रेस घातलेलं लेकरू कधीच बसवू नका.

कपड्यांचं थोडक्यात: रॉड पक्का असलेल्या ब्रेसमध्ये पायजमा आधी, ब्रेस नंतर. झबलं, फ्रॉक किंवा रुंद पायाची चड्डी सोयीची. झोपायला जमिनीवरची गादी बरी, पाळण्याच्या किंवा खाटेच्या गजांत रॉड अडकतो. दोन-अडीच वर्षांनंतर शू-शीची सवय लागते तेव्हा रॉड पक्का असणं हीच मोठी अडचण, लेकराला उचलूनच न्यावं लागतं.

महागडा ब्रेस कुणाला

धंतोली-रामदासपेठेच्या दवाखान्यांत मिचेल पद्धतीच्या ब्रेसचं नाव ऐकायला मिळतं. पोन्सेटींबरोबर काम करून जॉन मिचेल यांनी तो बनवला. मऊ अस्तराची सँडल, तीन पट्टे, टाचेमागे पाहायला दोन भोकं, आणि खटका दाबला की रॉडपासून सुटणारा बूट. लांबी कमी-जास्त करता येते. आरामात तो स्टीनबीकच्या पुढे आहे, यात वाद नाही. किमतीत कित्येक पटींनी पुढे आहे, यातही नाही, आणि पाय वाढला की बूट पुन्हा घ्यावे लागतात. त्याचे पट्टे आणि बकलं गल्लीतल्या मोच्याला सहज जमत नाहीत. डॉब्स यांचा सांध्याचा रॉडही आहे, त्यात दोन्ही पाय वेगवेगळे हलवता येतात, मात्र कोन टिकून राहतो. फार चळवळ्या मुलांना तो सोसतो.

आमचं मत असं: आखूड, गुबगुबीत पाय, तळव्यात आडवी खोल घडी, टाचेच्या वर घडी, अंगठा आखूड आणि वर वळलेला, अशा गुंतागुंतीच्या क्लबफूटमध्ये चामड्याचा बूट वारंवार निसटतो. तिथे मऊ अस्तराच्या ब्रेसवर पैसे घालण्यात अर्थ आहे. अशा पायांना कोनही कमी, ३० ते ४० अंशांपासून, ठेवतात. वारंवार फोड येणाऱ्या मुलांनाही तो घ्यावा. बाकी सगळ्यांनी फुकटचा स्टीनबीक नीट बांधायला शिकावं. सैल बांधलेल्या महागड्या ब्रेसपेक्षा घट्ट बांधलेला हा चांगला.

एका गोष्टीवर मात्र अजिबात पैसे घालू नका: दुकानांत ‘सीटीईव्ही शूज’ (सीटीईव्ही हे क्लबफूटचंच वैद्यकीय नाव) म्हणून मिळणारे, आतली कड सरळ असलेले काळे बूट. ते चालताना घालायचे असतात, त्यांना रॉड नसतो, आणि रॉडशिवाय पाय बाहेर वळलेला राहत नाही. एका पायाची प्लास्टिकची स्प्लिंटही ब्रेसची जागा घेत नाही. सुधारलेल्या पायाला दिवसा साधी चप्पल, साधे बूट किंवा अनवाणी फिरणं चालतं.

बूट कधी बदलायचा, पाय कधी दाखवायचा

बोटं थोडी बाहेर आली तर चालतं. ती पुढच्या कडेवरून खाली वळू लागली की बूट लहान झाला. पुढचं माप मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून बोटं कडेला आल्याबरोबर क्लिनिकला सांगून ठेवा. जुन्या बुटाची बोटांकडची बाजू कापून दिवस काढणं हा उपाय नव्हे. तळच आखूड पडलेला असतो.

तपासणी वयाच्या तीन वर्षांपर्यंत साधारण दर चार महिन्यांनी, चारपर्यंत दर सहा महिन्यांनी, त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतून एकदा, हाडांची वाढ पुरी होईपर्यंत. मधल्या काळात घरी दोन गोष्टी पाहा. लेकरू उकिडवं बसलं की दोन्ही टाचा जमिनीला टेकतात का. आणि ओल्या पायाने फरशीवर चालवलं तर ठसा कसा उमटतो: फक्त बाहेरची कड उमटत असेल, टाचेचा ठसाच नसेल किंवा चवडा आत वळलेला असेल, तर तारखेची वाट न पाहता जा. लवकर सापडलं तर पुन्हा काही प्लास्टरांवर भागतं. चालताना चवडा आत वळतच राहिला, तर अडीच-तीन वर्षांनंतर नडगीच्या पुढच्या स्नायूचं टेंडन बाहेरच्या बाजूला नेऊन बसवायची शस्त्रक्रिया करतात.

मिळवायचा कुठे

नागपुरात मेडिकल, मेयो (दोन्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं) किंवा मिहानच्या एम्सच्या अस्थिरोग ओपीडीत क्लबफूटसाठी कोणता दिवस आहे ते विचारा. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट धरलेला आहे, त्यामुळे अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाकडून किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते. जाताना लेकरू, वापरातला ब्रेस, जुनी फाइल आणि एक सुती मोज्यांचा जोड बरोबर घ्या. मोज्याशिवाय घालून पाहिलेला बूट घरी घट्ट निघतो. काउंटरवरून हलण्याआधी बूट तिथल्या माणसाकडून घालून घ्या आणि मग काढून स्वतः घालून दाखवा. सुटा पट्टा आणि बकल मिळतं का विचारा.

लहान झालेला ब्रेस क्लिनिकला परत करा, दुसऱ्या लेकराला लागतो. ओळखीतल्या घराकडून परस्पर घेतलेला वापरलेला ब्रेस मात्र थेट घालू नका. चामडं आधीच्या पायाच्या आकाराचं झालेलं असतं, आणि त्यांचा उजवा पाय वाकडा असेल व तुमचा डावा, तर कोनही उलटे येतात. आधी कागदावर आखा, मग डॉक्टरांना दाखवा.